पारूच्या हनुवटीवरची टिंबं

माघ महिना, १९५४. मंगळवार, दुपार. हजर: वरोऱ्याहून आलेला गणपत पेंटर, जो एरवी दुकानांच्या पाट्या रंगवी, सोमाजी भाऊजी, त्यांची सात वर्षांची यमू, आणि मी, यमूची मोठी मावशी, शाळामास्तरीण. गैरहजर: माझी धाकटी बहीण पारू, जिचं चित्र काढायचं होतं.

पारू म्हणजे ओल्या जाळ्याचा वास. ती तळ्यावरून आली की ओसरीत आधी तो वास येई, मग बांगड्या वाजत, मग अर्ध्यावर सोडलेलं एखादं गाणं. अर्ध्यावर सोडणं हा तिचा स्वभावच. जाळं अर्धं विणून ती मोहाच्या सावलीत जाऊन बसे, भाकरी अर्धी थापून शेजारणीकडे जाई. दोन वर्षांपूर्वी आषाढात तापाने गेली, तीही बोलता बोलता. फोटो एकही नव्हता. दिवाळीत यमू मला म्हणाली, ‘मावशी, मले मायचं तोंड आठवत नाई.’ म्हणून मी पारूचं हिरवं लुगडं नेसून पाटावर बसले. आम्हा दोघींचा चेहरा सारखा, असं सगळेच म्हणत.

बसले, पण विश्वास कोणावरच नव्हता. छपराच्या कवेलूंच्या फटीतून उतरलेला उन्हाचा कवडसा गुडघ्यावरून गळ्याकडे सरकत होता आणि त्याच्या मागोमाग पेंटरची नजर, कापसाची प्रत जोखणाऱ्या व्यापाऱ्यासारखी. भाऊजींनी भिंतीत खिळा आधीच ठोकून ठेवला होता. त्यांच्यासाठी मुलगी पाहणं चालू आहे, असं तळ्यावर कानी आलं होतं. बायको भिंतीवर टांगली की घर मोकळं, असा तर त्यांचा बेत नव्हता?

‘बाई, काऊन असं पाहून राह्यल्या? मी काही चोरून नाई राह्यलो,’ पेंटर म्हणाला.

‘तेच पाहून राह्यले,’ मी म्हटलं.

तिसऱ्या दुपारी त्याने चित्राची फळी आमच्याकडे वळवली. ओठ माझे, घट्ट मिटलेले. डोळे माझे, वर्गाची हजेरी घेणारे. आणि हनुवटीवर गोंदणाची पाच टिंबं, चार कोपऱ्यांना नि मधे एक. लहानपणी एकाच दिवशी, एकाच अंगणात गोंदणारीने आम्हाला बसवलं होतं. मी दात आवळून पाचही घेतली. पारू तिसऱ्याला किंचाळली आणि उठून थेट तळ्यात शिरली. जन्मभर तीनच राहिली.

‘ही मी आहे,’ मी म्हटलं. ‘तिले तीनच होते. दोन पुसा.’

‘पाचच होते,’ भाऊजी म्हणाले.

आठ वर्षं जिच्या समोर बसून हा माणूस जेवला! माझ्या संशयाला पुरावा मिळाला. पेंटरने मात्र वाद घातला नाही. रॉकेलमध्ये चिंधी बुडवून त्याने शांतपणे विचारलं, ‘कोणते दोन, बाई?’

यमूने स्वतःच्या हनुवटीवर खाली बोट ठेवलं, मग वर, मग हात मागे घेतला. सगळे माझ्याकडे पाहू लागले. मी डोळे मिटले. पारू दिसली, पण पाठमोरी, तळ्याकडे पळणारी. वेणी हलत होती, पाय ओले होत होते, चेहरा काही वळेना. मधलं टिंब होतं का? वरची दोन्ही होती का? साठ मुलींची हजेरी तोंडपाठ असलेल्या मला एका बहिणीची तीन टिंबं आठवेनात.

भाऊजी उंबऱ्यावर टेकले, गमछ्याने तोंड पुसत राहिले. मग हळूच म्हणाले, ‘मले वाटलं, तुमाले तरी आठवत असन, बाई.’

चिंधी वाळून गेली. चित्र त्याच खिळ्यावर लागलं, पाच टिंबांसकट. यमू आता आपल्या लेकरांना ते दाखवते, ही माझी माय म्हणून; मी बाजूला उभी असले तरी. भाऊजींनी दुसरं लग्न केलं नाही. गेलेल्या माणसाचं जे होतं ते कोणी ना कोणी सांगतं; जे नव्हतं त्याची जागा तेवढी त्याच्याबरोबर जाते. त्या दिवसाच्या कामांची यादी माझ्या वहीत आहे. सगळ्या ओळी खोडलेल्या, एक सोडून: टिंबं दोन पुसणे. कोणती, त्याची जागा पुढे कोरी ठेवली आहे.