खालचं खारं पाणी

विहिरीतला गाळ काढायला उतरलो आणि कडेचं फांद्यांचं अस्तर एका बाजूने सुटलं. वाळू खाली आली. ओरडलो तेव्हा कमरेपर्यंत गाडलो गेलो होतो.

वर गांदीम होता. पलीकडच्या टेकाडामागे त्याची विहीर, त्याच्या मेंढ्या. आज तो माझा दोर धरायला आला होता. ते काम सुल्गूनचं, माझ्या बायकोचं. ती हिवाळ्यात गेली.

"बेग्लिचआगा, दोर काखेतून बांधा. उंटीण जुंपतो."

"उंटीण नको. फावडं सोड, मी हळूहळू मोकळा होतो."

"वाळू तुमच्या सवडीनं थांबणार आहे का?"

आमच्या वाळवंटात पावसाचं पाणी चर खणून विहिरीपाशी आणतात. ते वाळूत मुरतं आणि खालच्या खाऱ्या पाण्यावर तरंगत राहतं. वर्षभर तेच प्यायचं. सुल्गून म्हणायची, साय काढावी, दूध ढवळू नये. ती बादली इतकी हळू सोडायची की आवाज यायचा नाही.

माझे पाय त्या खाऱ्यात रुतले होते. हिसका बसला की खालचं खारं वर येऊन गोड्यात मिसळणार. पाणी खारं झालं की इथून उठावं लागणार. आणि तिची कबर घरामागच्या टेकडीवर.

फावड्याने दोनदा उपसलं. तेवढीच वाळू पुन्हा आली, वर थोडी जास्तच. छातीला लागली. श्वास पुरेना.

"आगा, तिथंच राहायचा बेत आहे का? सुल्गूनबाई असत्या तर केव्हाच ओढून काढलं असतं. वर शिव्याही घातल्या असत्या."

ते खरं होतं. मी दोर बांधला.

उंटिणीने ओढलं. एक बूट खालीच राहिला.

गांदीमने बादली सोडली. मी घोट घेतला आणि थुंकलो.

"झाका विहीर," तो म्हणाला. "वसंतातल्या पावसाने गोडं पाणी पुन्हा साचेल. तोवर माझ्याकडे चला, मेंढ्या घेऊन."

"मेंढ्या ने."

"आणि तुम्ही वाळू पिणार?"

"एका माणसाचं पाणी तुझ्या उंटिणीला जड नाही."

"उंटिणीला नाही, मला आहे. आणायला मीच येणार ना!"

पण त्याने मेंढ्या हाकल्या. त्या गोंधळल्या, मागे वळून बघत राहिल्या. मग टेकाडाआड गेल्या.

सुल्गूनने लोकर थापून केलेलं नमद्याचं झाकण मी विहिरीवर ओढलं आणि कडेला दगड ठेवले. एक पाय अनवाणीच होता. तसाच घरामागची टेकडी चढलो.