रॉजरची अठरा माणसं

आर्डिथ टायाडेन घरोघर फिरायला लागली तेव्हा गावाने ठरवूनच टाकलं, की बाईने रॉजर हावरकॅम्पला माफ केलं. गावाला माफी फार आवडते. माफ करणारा दुसराच असतो, आपल्याला काही द्यावं लागत नाही.

माझा त्यावर विश्वास नव्हता. तिच्या आणि माझ्या अंगणात एकच कुंपण आहे. डॉना क्लोस्टरकडे आर्डिथचा काचेचा ट्रे नऊ वर्षं पडून आहे, आणि दर रविवारी चर्चच्या पायरीवर ती डॉनाला विचारते, "ट्रे बरा आहे ना गं?" एखाद्याच्या आजारी सासूची चौकशी करावी, त्या सुरात. ट्रे न विसरणारी बाई नवरा विसरेल?

चार वर्षांपूर्वी झालं ते असं. आमच्या आयोवा राज्यात पक्षाचा राष्ट्राध्यक्षपदाचा उमेदवार निवडायला नुसती मतपत्रिका टाकून भागत नाही. भर हिवाळ्यात संध्याकाळी सातला शाळेच्या जिममध्ये जायचं आणि आपल्या उमेदवाराच्या कोपऱ्यात उभं राहायचं, सगळ्या शेजाऱ्यांच्या डोळ्यांदेखत. याला कॉकस म्हणतात. जमलेल्या माणसांपैकी शंभरामागे पंधरा ज्या कोपऱ्यात नाहीत तो कोपरा मोडतो. तिथल्यांनी दुसऱ्या कोपऱ्यात जायचं, नाहीतर घरी. सातनंतर येणाऱ्याला मोजत नाहीत. सातला रांगेत असलेल्याला मोजतात.

आर्डिथचा नवरा वेंडेल तेव्हा प्राणवायूच्या नळीवर होता. तरी सबंध हिवाळा त्याने पलंगावरून फोन केले, एका सिनेटरबाईंसाठी. दम लागला की म्हणायचा, "थांबा हं, जरा श्वास घेतो, मग तुम्हाला आरोग्यविम्याचं सांगतो." ऐकणाऱ्याची 'नाही' म्हणायची छाती कशी होणार! कॉकसच्या दिवशी आर्डिथने त्याला चाकांच्या खुर्चीत घालून आणलं. शाळेच्या बाजूच्या दाराला उतार आहे, पण त्या दाराची किल्ली रॉजरकडे, आणि रॉजर ते उघडायला विसरला होता. मग तिने खुर्ची बर्फावरून ढकलत अख्ख्या इमारतीला वळसा घातला आणि पुढच्या दाराशी पोचली, तेव्हा रॉजरने नुकतीच नोंदणी बंद केली होती.

"हा रांगेत आहे!" ती ओरडली.

"रांग आत आहे, आर्डिथ," रॉजर म्हणाला. "वाईट वाटतं, पण नियम म्हणजे नियम."

सिनेटरबाईंचा कोपरा एका माणसाने कमी पडला आणि मोडला. वेंडेल बाहेर शाळेच्या ढालींच्या कपाटाशेजारी बसून काचेतून बघत होता. एप्रिलमध्ये तो गेला. रॉजरने फुलं पाठवली. चांगली मोठी होती. फुलं पाठवणाऱ्या सगळ्यांना आर्डिथने आभाराची कार्डं धाडली. रॉजरला नाही. हे गावात दोघांच्याच लक्षात आलं, रॉजरच्या बायकोच्या आणि माझ्या.

आता रॉजरबद्दल. धंदा विम्याचा, आणि वीस वर्षं काउंटीत, म्हणजे आमच्या जिल्ह्यात, पक्षाचा अध्यक्ष. त्याची आयुष्यात एकच इच्छा राहिली होती: उन्हाळ्यातल्या राष्ट्रीय अधिवेशनाला प्रतिनिधी म्हणून जायचं, टोपी घालून, आमच्या राज्याच्या पाटीखाली बसायचं. या खेपेला त्याने एका गव्हर्नरचा झेंडा धरला होता आणि गव्हर्नरच्या माणसांनी त्याला शब्द दिला होता. सूट शिवून झाला होता. पण त्या जिन्याची पहिली पायरी आमच्या जिममध्ये होती. आधी स्वतःच्या गावातल्या स्वतःच्या कोपऱ्यातून निवडून यायचं. कोपराच मोडला तर जिनाच नाही.

रॉजरला त्याची काळजी नव्हती. त्याची अठरा माणसं ठरलेली. बायको कॉनी, दोन मुलगे, दोन सुना, बोलिंगचा चमू आणि ज्यांची गारपिटीची भरपाई त्याने लवकर मिळवून दिली होती असे शेतकरी. कॉकसला शंभरेक लोक येतात, म्हणजे पंधरा पुरतात. तीन माणसं शिलकीत टाकून तो निवांत झोपायचा.

आर्डिथ या वर्षीही त्याच सिनेटरबाईंची स्वयंसेविका होती. पण ती फक्त त्यांच्या माणसांकडे जाईना. सगळ्यांकडे, दुसऱ्या उमेदवारांच्या माणसांकडेही, जायला लागली. तरुण महापौरवाले, कापसासारख्या दाढीच्या उद्योगपतीवाले, अजून काही ठरलं नाही म्हणणारे, पाच कॉकस झाली तरी एकदाही घरातून न हललेले. डुकराच्या मांसाच्या कारखान्यातल्या रात्रपाळीच्या बायकांकडे ती दालचिनीचे रोल घेऊन गेली. त्यांच्यातल्या युलालिया बारिएंतोसला म्हणाली, "पाळीच्या आधी तासाभरासाठी या. मी आणते, मीच सोडते." वृद्धाश्रमात जाऊन आली. वेंडेलची खुर्ची चढवायची व्हॅन अजून तिच्या दारात होती. ती तिने धुऊन घेतली.

सिनेटरबाईंच्या प्रचार मुख्यालयातली मॅरिसोल तिच्यावर फोनवर करवादली. मी तेव्हा आर्डिथच्या स्वयंपाकघरात होतो, आवाज मला टेबलापाशी ऐकू आला.

"आर्डिथ, तुम्ही महापौराच्या लोकांना गाडीतून आणताय? ते आपले विरोधक आहेत!"

"अगं पोरी, विरोधक असले म्हणून त्यांना थंडी कमी वाजते का?"

"पण आपल्याला यातून मिळणार काय?"

"तुला काही नाही," आर्डिथ म्हणाली आणि फोन ठेवला.

त्या शनिवारी अग्निशमन दलाच्या पॅनकेक न्याहारीला रॉजरने माइक हातात घेतला. "आपली आर्डिथ बघा! गटतट विसरून माणसं आणतेय. याला म्हणतात लोकशाही!" टाळ्या झाल्या. आर्डिथने तिथल्या तिथे हात वर केला. "रॉजर, मग बाजूच्या दाराची किल्ली देशील का? म्हातारी माणसं आहेत." रॉजरने शंभर माणसांसमोर किल्ली काढून दिली. वर म्हणाला, पक्षाची फोनयादीही घेऊन जा, पेट्रोलचंही मी बघतो. विक्रमी गर्दी झाली की गव्हर्नरच्या माणसांपुढे अध्यक्षाची मान ताठ होणार, एवढाच हिशेब त्याने केला होता. इतक्या जोराने स्वतःच्या पायाखालची फळी काढणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

कॉकसच्या दिवशी दुपारी ती चिलीचं, म्हणजे मांस-राजम्याच्या रश्श्याचं, मोठं पातेलं ढवळत होती. आमच्याकडे चिलीबरोबर दालचिनी रोल खातात. परगावचे नाक मुरडतात, मुरडोत.

मी म्हणालो, "आर्डिथ, तू नेमकं काय करतेयस?"

"राजमा घालतेय."

"ते दिसतंय. केवढा घालशील? मांस सापडणार नाही."

"मांस होतं तेवढंच आहे, नॉर्बर्ट," ती झाकण ठेवत म्हणाली. "अठरा तुकडे."

माझ्या हातातला रोल हातातच राहिला. कॉकसची मोजणी मी करतो, तरी हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. शंभर माणसांत अठरा पुरतात. एकशेवीसच्या पलीकडे पुरत नाहीत. रॉजरचा एकही माणूस न फोडता ती त्याला बुडवणार होती, फक्त इतरांना घराबाहेर काढून.

"आणि नाही आले तेवढे?"

"तर तो अधिवेशनाला जाईल आणि मी चिली खाईन महिनाभर." तिने माझ्याकडे बघितलं. "कुणाला सांगणार आहेस?"

"मी मोजणारा," मी म्हणालो. "मला विचारल्याशिवाय मी बोलत नाही."

रॉजरने विचारलं नाही.

संध्याकाळी बाजूचं दार साडेपाचलाच उघडलं. व्हॅन येत होती, रिकामी होत होती, परत जात होती. जिममध्ये ओल्या कोटांचा वास भरला. रॉजर दाराशी उभा राहून हात मिळवत होता, लाल टाय लावून, लग्नातल्या वधूपित्यासारखा. "या, या! आज विक्रम होणार!" युलालिया अकरा बायका घेऊन आली तेव्हा त्याने त्यांच्यासाठी खुर्च्या स्वतः उचलून आणल्या.

सात वाजले. दार बंद झालं. मी मोजलं, पुन्हा मोजलं आणि चिठ्ठी रॉजरकडे दिली. एकशे चाळीस.

"एकशे चाळीस!" त्याने माइकवर जाहीर केलं. लोक ओरडले. मग अध्यक्षाला पुढचा आकडाही वाचावाच लागतो. "म्हणजे प्रत्येक कोपऱ्याला किमान..." तो थांबला. चष्मा पुसला. "एकवीस."

कॉनीने आपल्या कोपऱ्यात मान वर केली आणि एकदा सगळ्यांवरून नजर फिरवली. मोजायची गरज नव्हती. तिथे कोण आहे हे तिला वीस वर्षं माहीत होतं.

फेरबदलाला अर्धा तास मिळतो. त्या अर्ध्या तासात रॉजर जेवढा चालला तेवढा तो वर्षभरात चालला नसेल. दोघे ह्रुस्का बंधू महापौराच्या कोपऱ्यात होते. त्यांना त्याने मागच्या गारपिटीची आठवण दिली, ते बूट घासत त्याच्याकडे आले. वीस झाले. मलाही ये म्हणाला. मी म्हणालो, "गुडघा धरलाय रे माझा." युलालियाकडे गेला. ती गोड हसून म्हणाली, "आम्हाला आर्डिथने आणलंय." ठरवलं नाही म्हणणाऱ्यांकडे गेला, तर त्यांनी नुकतंच ठरवलं होतं.

आता कमी पडत होता एकच माणूस. आर्डिथच्या कोपऱ्यात चाळिसावर होते. रॉजर तिथे आला.

तेवढ्यात वृद्धाश्रमातला ओर्व्हिल श्टुम्फ, वय चौऱ्याण्णव, आपल्या खुर्चीतून मोठ्याने म्हणाला, "तिकडे हीटर आहे का? मला थंडी वाजतेय."

हीटर रॉजरच्या कोपऱ्यात होता. रॉजरचा चेहरा उजळला. "आहे ना, ओर्व्हिल! चल, मी नेतो तुला." त्याने खुर्चीचा दांडा धरलासुद्धा.

आर्डिथने अडवलं नाही. एवढा हिवाळा वणवण करून सगळं एका हीटरवर जायचं की काय! तिने फक्त अंगातला कोट काढला, ओर्व्हिलच्या पायांवर घातला, कडा नीट खोचल्या.

"जायचंय, ओर्व्हिल?"

"हा गव्हर्नरवाला ना?" ओर्व्हिल रॉजरकडे बघून म्हणाला. "माझ्या छपराचे पैसे नाकारले होते याने. वादळ नव्हतं म्हणे, नुसता वारा होता! मी बसतो इथेच."

कुणीतरी फिसकन हसलं. रॉजरने दांडा सोडला. मग आवाज खाली आणून म्हणाला, "आर्डिथ, तुझ्याकडे वीसेक जास्तीचे आहेत. एक दे. एकच. तुझ्या बाईंचं काही बिघडत नाही."

"नाही बिघडत," ती म्हणाली.

"वेंडेल असता तर त्याने दिला असता."

"दिला असता रे," आर्डिथ म्हणाली. आवाज चढवला नाही, पण शेवटच्या बाकापर्यंत पोचला. "तो फार भला होता. पण त्याला तू मोजलंच नाहीस."

रॉजरच्या कोपऱ्यातून सगळ्यांत आधी कॉनी निघाली. पर्स काखेत धरून, नवऱ्याकडे न बघता, सरळ आर्डिथच्या कोपऱ्यात येऊन उभी राहिली. मग मुलगे, सुना, बोलिंगवाले एकेक करत पांगले. शेवटी माइकवर जाऊन निकाल वाचायचं कामही रॉजरचंच होतं. "गव्हर्नर," तो म्हणाला, आणि चष्मा पुन्हा पुसला. "कोपरा टिकला नाही."

सिनेटरबाईंच्या कोपऱ्यातून काउंटीच्या सभेला प्रतिनिधी पाठवायचे होते. आर्डिथचं नाव युलालियाने सुचवलं. विरोधात कुणी नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी अंगणातला बर्फ ओढत होतो. ती कुंपणापाशी आली. सबंध गाव तिच्याबद्दल दोन तऱ्हेने बोलत होतं: अर्धं, बाई फार दुष्ट, अर्धं, हे फार आधी व्हायला हवं होतं. तिला दोन्ही ऐकू आलं होतं.

"झालं का समाधान?" मी विचारलं.

तिने विचार केला. खरं उत्तर द्यायचं होतं म्हणून असेल. "झोप लागली," ती म्हणाली. "चार वर्षांनी. सकाळी उठले तर तो मेलेलाच होता."

मी फावड्यावर रेलून उभा राहिलो. नाक पुसून, हातमोजे ओढून ती जायला वळली आणि थांबली.

"नॉर्बर्ट, काउंटीची सभा मार्चमध्येच ना? काउंटीच्या अध्यक्षाची निवडही तिथेच होते?"

"तिथेच."

"साऱ्या गावांतून मिळून किती प्रतिनिधी येतात?"

मी सांगितलं. तिने मान डोलावली, ओठांतल्या ओठांत आकडा भागून पाहिला.

"आणि त्यांतल्या किती जणांकडे गाडी नाही?"