हलकी केलेली गाडी

सुरेशचंद जैन यांचं अमळनेरला सरकीच्या ढेपेचं दुकान आहे. गुडघे दुखायला लागल्यापासून ते दुकानात बसत आणि घरी बसत. याशिवाय कुठे जात नसत. त्यांची जुनी पांढरी झेन गाडी गोडाऊनमध्ये उभीच होती. धुळ्याजवळ पडीक माळावर गाड्यांची शर्यत होणार असं कळलं, तेव्हा त्यांच्या मुलाने, जिनेशने, ती झेन शर्यतीत उतरवायचं ठरवलं.

इंजिन वाढवणं परवडणारं नव्हतं. वजन कमी करणं फुकट होतं. त्याने लोटन मेकॅनिकला बोलावलं.

मागची सीट निघाली, ड्रायव्हरशेजारची पुढची सीट निघाली, गालिचा निघाला, दारांचे पुठ्ठे निघाले, एसी निघाला. छताचं कापड ओढताना लोटन थांबला.

"जिनेशभाऊ, हाई बी काढू का?"

"बठ्ठं काढ."

लोटनने बठ्ठं, म्हणजे सगळंच काढलं. निघालेलं सगळं सामान दोघांनी ढेपेच्या काट्यावर ठेवलं. तेवढ्यात सुरेशचंद काठी टेकत आले. त्यांनी आकडा वाचला, सामान बाजूला करायला लावलं आणि स्वतः काट्यावर उभे राहिले. दोन्ही आकडे जवळपास सारखे होते.

"म्हणजे तू मलाच उतरवलंस," ते म्हणाले आणि जेवायला गेले.

शर्यतीच्या रविवारी सकाळी मात्र ते कपडे करून तयार होते. जिनेशची आई कुसुमलता आणि बायको पलक एसटीने जाणार होत्या. एसटीची पायरी सुरेशचंदना चढवत नव्हती. लोटनने पुढची सीट परत बसवली. धुळ्याला पोचलं की काढायची, असं ठरलं आणि तो पान्हा घेऊन त्या दोघींबरोबर एसटीत बसला.

गाडी गावाबाहेर पडली आणि आवाज सुरू झाला. खाली नुसता पत्रा. चाकांनी उडवलेला प्रत्येक खडा पायाशी वाजत होता, दारं थरथरत होती आणि इंजिनाची गरम हवा थेट पोटऱ्यांवर येत होती. बोलायचं तर ओरडावं लागत होतं. घरात बापलेक फारसं बोलत नसत, त्यामुळे ओरडण्याचा सराव दोघांनाही नव्हता.

"गाडी खोलण्याआधी मला विचारलं का नाहीस?"

"विचारलं होतं, पप्पा. तुम्ही पेपर वाचत होता."

"मी काय म्हणालो?"

"हूं म्हणालात."

"मग बरोबर आहे," सुरेशचंद ओरडले.

थोड्या वेळाने त्यांनी पायाशी बोट दाखवलं. पत्र्याला एक भोक होतं आणि त्यातून रस्ता पळताना दिसत होता. धुळे येईपर्यंत ते त्या भोकातूनच बघत राहिले.

माळावर पोचले, तर एसटी अजून यायची होती. लोटनही नव्हता आणि पान्हाही नव्हता. तेवढ्यात जिनेशचा नंबर पुकारला. शर्यत भरवणारा योगेंद्र खिडकीशी आला.

"काका उतरताहेत ना?"

"उतरतोय," सुरेशचंद म्हणाले, पण हलले नाहीत. गुडघा आखडला होता. जिनेशने त्यांना बाहेरून ओढून पाहिलं, आतून ढकलून पाहिलं. मागे दुसऱ्या गाड्या हॉर्न वाजवू लागल्या.

"सोबत वाट सांगणारा नॅव्हिगेटर चालतो," योगेंद्र म्हणाला. "फक्त हेल्मेट लागेल."

कुणाचं तरी लाल हेल्मेट आणलं. सुरेशचंदनी टोपी काढून मुलाच्या हातात दिली. ठेवायला जागाच नव्हती, म्हणून जिनेश टोपीवर बसला.

निशाण पडलं. पहिल्या वळणावर धुळीत काहीच दिसेना. काढलेलं सगळं वजन शेजारी परत बसलं होतं, हे जिनेशला प्रत्येक वळणावर कळत होतं. गाडी जडपणे बाहेर ओढली जात होती.

"डावीकडे घे," सुरेशचंद ओरडले.

"दिसतंय मला."

"मग घेत का नाहीस?"

त्याने डावीकडे घेतली. पुढच्या वळणावर ते आधीच ओरडले, आणि त्यांचं बरोबर निघालं. शेवटच्या सरळ पट्ट्यात ते काहीच बोलले नाहीत. जिनेशने घाबरून बाजूला पाहिलं. हेल्मेटच्या काचेमागे म्हातारा हसत होता. जिनेश क्षणभर गिअर बदलायचा विसरला.

निकालात त्यांच्या मागे एकच गाडी होती, आणि तिचं चाक निघालं होतं.

कुसुमलता आली तेव्हा नवरा खुर्चीवर बसून दोन अनोळखी ड्रायव्हरांना तिसऱ्या वळणाबद्दल सांगत होता. तिने पदराने त्याच्या भुवयांवरची धूळ पुसली.

"सीट आता काढू का?" लोटनने विचारलं.

"राहू दे," जिनेश म्हणाला.

परतताना नवलनगरला सुरेशचंदनी गाडी थांबवायला लावली. तिथे निंबा पाटील नावाचं त्यांचं जुनं गिऱ्हाईक राहत होतं. निंबा चहा सांगून बाहेर आला, गाडीभोवती फिरला, त्याने आत डोकं घालून पाहिलं.

"शेठ, चोरी व्हयनी का?"

"नाही," सुरेशचंद म्हणाले. ओरडून त्यांचा घसा बसला होता. "बस आत. हा जिनेश तुला एक चक्कर मारून आणतो."

आणि ते गुडघा धरून सावकाश उतरायला लागले.