काटेबुवांचा उजवा हात

गोल्फच्या मैदानाच्या मागच्या दरवाजालगत काटेबुवांचं दुरुस्तीचं दुकान होतं. चेंडू मारायच्या गोल्फ-क्लबला ते काठीच म्हणत. काठी उजव्या हातात धरून, डोळे मिटून सांगत, "दोन ग्रॅम कमी आहे." मग बायको शिशाची चिकटपट्टी कापून द्यायची, बुवा ती काठीच्या डोक्यामागे चिकटवायचे आणि गिऱ्हाइकाचा फटका सुधारायचा. त्यानंतर काठी तोलकाट्यावर चढायची, पण ती निव्वळ गिऱ्हाइकाच्या समाधानासाठी. तीस वर्षांत हात आणि काटा यांचं कधी वाजलं नव्हतं. त्यावरूनच काटेबुवा हे नाव पडलेलं, आणि बुवा ते तोऱ्यात मिरवत.

दोन महिन्यांपूर्वी मात्र वाजलं. हात म्हणे जड, काटा म्हणे बरोबर. बुवांनी चष्मा चढवला, काट्यामागचा स्क्रू पिळला आणि काट्याला हाताच्या मतावर आणलं.

"अहो, काट्याला कशाला छेडता?" बायको म्हणाली.

"म्हातारा झालाय तो."

झालं, विषय संपला. तेव्हापासून प्रत्येक काठीवरचं शिसं थोडं थोडं उतरू लागलं.

मग एक दिवस वकीलसाहेब तणतणत आले. "काय केलंत हो, बुवा? झाडू फिरवल्यासारखं हलकं वाटतंय. चेंडू सारखा डावीकडे पळतोय!"

बुवांनी काठी हातात घेतली. हलकी कसली, हाताला बरोबर लागत होती. काट्यावर ठेवली, तिथेही बरोबर. "साहेब, तुम्ही मारायची घाई करताय," ते म्हणाले. वकीलसाहेब काठी तिथेच टाकून निघून गेले. दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापिकाबाई आल्या, त्यांचंही तेच. मग दातांचे डॉक्टर. सगळ्यांना एकदम घाई सुटली की काय? बुवांचं डोकं चालेना. शिशाचं नवं रीळ त्यांनी जुन्याशी ताडून पाहिलं, डिंकाला शिव्या घातल्या, हवेलाही सोडलं नाही. काहीच लागू पडेना.

शेवटी त्यांनी भिंतीवरची काठी काढली. दुकान उघडलं त्या दिवशी बनवलेली, कधी न विकलेली. मुठीजवळच्या कागदावर तिचं माप पेन्सिलीनं लिहिलेलं होतं. बुवांनी डोळे मिटले. जड!

"अगं, हिला पट्टी कुणी लावली?"

"भिंतीवरच्या काठीला कोण कशाला लावेल?"

बुवांनी नखानं खरवडून पाहिलं. पट्टी नव्हती. नुसती टांगलेली काठी वजन कशी वाढवेल? त्यांना घाम फुटला. तो पुसायला त्यांनी काठी डाव्या हातात घेतली, आणि ते तसेच थांबले. डाव्या हातात ती अगदी पूर्वीसारखी होती. उजव्यात घेतली, जड. पुन्हा डाव्यात, पुन्हा उजव्यात. लहान मुलासारखे ते चार-पाच वेळा हात बदलत राहिले.

बायको बघत होती. "बरणीचं झाकण हल्ली माझ्याकडे देता," ती हळूच म्हणाली. "मला वाटलं, लाडानं देताय."

बुवांनी उजवी मूठ मिटून-उघडून पाहिली. भीती वाटली, आणि त्याहून जास्त लाज.

"उद्या डॉक्टरांकडे जायचं," ती म्हणाली.

"हं."

त्यांनी भिंतीवरची काठी काट्यावर ठेवली आणि कागदावरचं माप येईपर्यंत स्क्रू उलटा फिरवला. मग वकीलसाहेबांची काठी चढवली. अडीच ग्रॅम कमी. बायकोनं पट्टी कापली, बुवांनी चिकटवली. हात सांगत होता, जड होतेय, पुरे. बुवांनी काट्यावरची नजर हलवली नाही.

चार दिवसांनी वकीलसाहेब हसतच आत शिरले. "सरळ! सुतासारखा सरळ जातोय चेंडू! बुवा, तुमचा हात आहे की काटा!" त्यांनी बुवांचा उजवा हात धरून गदागदा हलवला आणि त्याच हातात दुसरी काठी दिली. "आता हिचं सांगा. तोलकाटा नको, तुमच्या पद्धतीनं."

बायको कात्री धरून उभी होती. बुवांनी तिच्याकडे एकदा पाहिलं आणि सवयीनं डोळे मिटले. बराच वेळ मिटलेलेच ठेवले.

"कळत नाही, साहेब," ते म्हणाले.

वकीलसाहेब पोट धरून हसले. बुवा थट्टाही करतात, हे त्यांना आजच कळलं.