आरतीचा पेनड्राइव्ह

हातातोंडाशी आलेला घास खंडेनवमीनं अडवला, असं मोहिनीला त्या दिवशी वाटलं. खोटं कशाला बोला, तिला देवीचाही थोडा राग आलाच.

झालं असं, की अंबडच्या एका कारखान्याला कँटीनसाठी नवा ठेकेदार हवा होता. शेवटी दोघेच उरले: गंगापूर रोडचे बडे केटरर आणि निफाडहून येऊन सिडकोत जम बसवलेली मोहिनी. चवीत दोघे उन्नीसबीस. पण साल दोन हजार सहा. कामगार आता कार्ड दाखवून जेवणार, म्हणजे त्यांची सगळी माहिती ठेकेदाराच्या कॉम्प्युटरात राहणार. तेव्हा कुणाचा कॉम्प्युटर जास्त सुरक्षित, हे ताडून बघायला कारखान्यानं आपल्या कॉम्प्युटर विभागाचे दिनेश साहेब धाडले. आमटीची परीक्षा संपली, आता यंत्राची सुरू. काम हुकलं तर दिवाळीनंतर स्वयंपाकाला असलेल्या निम्म्या बायकांना घरी बसवावं लागणार होतं, आणि ते एकट्या मोहिनीलाच ठाऊक होतं.

साहेब आले ते नेमके खंडेनवमीच्या दुपारी. कढया, झारे, पोळपाट घासूनपुसून मांडलेले आणि त्यांच्याच रांगेत कॉम्प्युटर, हळदकुंकू लावलेला, झेंडूची माळ घातलेला. हत्यार एकदा पूजेला बसलं की दसरा उजाडेपर्यंत त्याला हात लावायचा नाही, हा या बायकांचा दंडक. त्यापायी मोहिनीनं त्या दिवशीची बारशाची ऑर्डरसुद्धा कुरकुरत परत पाठवली होती. आता स्वतःच्या गरजेला तोच दंडक कोणत्या तोंडानं मोडायचा?

साहेब म्हणाले, अहवाल आजच जायचाय, तपासणी झाली नाही तर शून्य पडेल. माणूस वाईट नव्हता. वाटही त्यांनीच काढली. खिशातून पेनड्राइव्ह काढला. गंगापूर रोडवाल्यांनी पूजेला कॉम्प्युटरवरच आरती लावली होती, ती साहेबांनी कारखान्यातल्या पूजेसाठी त्यात उतरवून घेतली होती. आरतीसाठी कॉम्प्युटर सुरू केला तर तीही पूजाच झाली की, असं त्यांचं म्हणणं.

मोहिनीचा हात पुढे गेलाच होता. तेवढ्यात मुख्य स्वयंपाकीण चिमणाबाई म्हणाली, "आरती तोंडानं म्हणत्यात, बाई." आणि तिनं ती सुरूही केली. सगळ्यांनी टाळ्या धरल्या, साहेबांनीही. शिऱ्याचा प्रसाद खाऊन ते गेले, आणि मोहिनीच्या नावापुढे शून्य पडलं.

दसऱ्याचं सोनं तिनं वाटलं, पण एरंडेल प्यायल्यासारख्या तोंडानं.

सुट्टीनंतर कारखाना उघडला, तर निम्मे कॉम्प्युटर आडवे. कुणीतरी बाहेरचा पेनड्राइव्ह लावला होता आणि त्यातून व्हायरस शिरला, एवढंच वरच्यांना कळलं. गंगापूर रोडलाही तीच गत. तुलना पुन्हा करा, असा हुकूम सुटला.

दिनेश साहेब तक्ता घेऊन परत आले, चेहरा पार उतरलेला. व्हायरस त्या आरतीबरोबरच आला, हे त्यांनी मोहिनीला खाली मान घालून सांगितलं. तक्त्यात प्रश्न होता: बाहेरचा पेनड्राइव्ह लावू न देण्याचा नियम आहे का? गंगापूर रोडवाल्यांनी तसा छापील नियम काढून दाखवला होता. आरतीसाठी पेनड्राइव्ह लागला तेव्हा तो बिचारा कपाटात होता.

"इथे तर माझ्यादेखत नकार मिळाला," साहेब म्हणाले. "'आहे' लिहितो."

मान हलवली की काम तिचं होतं. पलीकडे बायका भाकरी थापत होत्या. मोहिनीला त्यांच्याकडे बघवेना.

"नियम नव्हता, साहेब. पूजा होती. एक दिवस आधी आला असतात, तर मीच लावला असता."

साहेबांनी तक्ता पुढ्यात ओढला. मग 'नाही' लिहिलं आणि खालच्या मोकळ्या जागेत लिहीत गेले: पेनड्राइव्ह इथे मीच पुढे केला, कारखान्यातही मीच लावला; इथे तो का लागला नाही, ते यांनी स्वतःच्या तोट्यात जाऊन खरं सांगितलं. खाली सही ठोकली.

"तुमचं काय होईल यानं?" मोहिनीनं विचारलं.

"दोघांत कुणाचा धोका जास्त, ते बघायला निघालो होतो, ताई. जास्त माझाच निघाला."

दिवाळीनंतर कँटीन मोहिनीकडे आलं. दिनेश साहेबांना तोवर भांडारात टाकलं होतं. पहिल्या दिवशी ते साहेबलोकांच्या टेबलाकडे न जाता ताट घेऊन रांगेत उभे राहिले. चिमणाबाईला कशाचाच पत्ता नव्हता. तिनं त्यांना ओळखलं आणि शिरा मुद्दाम जास्त वाढला.

"आरतीला टाळ्या लय चांगल्या धरल्या होत्या तुमी," ती म्हणाली.

शेजारी पोळ्या वाढणाऱ्या मोहिनीला मान वर करवेना. तिनं त्यांच्या ताटात एक पोळी जास्त ठेवली, आणि रांग पुढे सरकली.