हसू ओसरेपर्यंत

मित्रांनो, मी एक जुनी खुर्ची आहे आणि माझा जन्म लोकांना हसवण्यासाठी झाला.

नाटक कंपनीच्या सुताराने माझा मागचा एक पाय मुद्दाम सैल ठेवला. ‘बसलं की करकरली पाहिजे,’ असं मावशींनी त्याला बजावलं होतं. मावशी म्हणजे आमच्या विनोदी नाटकातल्या मुख्य नटी. सगळी मंडळी त्यांना मावशीच म्हणत. प्रत्येक प्रयोगात त्या तणतणत यायच्या, धपकन बसायच्या, मी करकरायचे आणि लोक नाट्यगृह डोक्यावर घ्यायचे. हसू ओसरेपर्यंत मावशी माझ्या हातावर बोटाने ताल धरत थांबायच्या. त्या हशातला निम्मा वाटा माझा, असं मला वाटे. वाटू द्या की!

पुढे नाटक बंद पडलं आणि मी अडगळीत गेले. एक दिवस मावशींनीच मला शोधून काढलं, पुसलं आणि आपल्या स्वयंपाकघरात आणून ठेवलं. त्यांच्या डोक्यात सिनेमाचं खूळ शिरलं होतं. निर्माता वगैरे कोणी नाही. लिहायचं त्यांनीच, काम करायचं त्यांनीच. कॅमेरा आणि माइक सांभाळायला सख्खी भाची. गोष्ट साधी होती: मुलं दूर गेल्यावर एक आई रिकाम्या घरात एकटीच विनोद करत राहते.

मला भारी कुतूहल! सिनेमा म्हणजे नेमकं काय? लोक बसणार कुठे? समोर एक काचेचं भिंग तेवढं होतं, आणि ते काही केल्या हसेना.

मावशी बसल्या. मी करकरले. त्यांचं बोट माझ्या हातावर टकटक करू लागलं.

“मावशी, थांबलीस का गं?” भाचीने विचारलं.

“हसू ओसरू दे की!”

“कुणाचं?”

जेवणाची वेळ टळून गेली तरी तेच. इतक्या वर्षांची सवय, जाते कुठली! शेवटी भाची वैतागली. “या करकरीनेच घोळ होतोय. पायच घट्ट करते.” ती स्क्रू ड्रायव्हर घेऊन वाकली. आवाज गेला तर मी कोण?

“राहू दे,” मावशी म्हणाल्या. त्यांचा चेहरा उतरला होता. “नाही जमणार मला हे. कोणी हसल्याशिवाय कळतच नाही गं, बरं चाललंय की वाईट. सिनेमा राहिला, झालं.”

भाची तशीच वाकून राहिली. मग वर बघून म्हणाली, “तुझ्या गोष्टीतल्या बाईचंही हेच झालंय ना? मग थांब की. हवं तितकं थांब. मी कॅमेरा चालू ठेवते.”

मावशी पुन्हा बसल्या.

सिनेमा पहिल्यांदा एका छोट्या सभागृहात दाखवला, तेव्हा त्यांनी मलाही नेलं. शेवटच्या रांगेमागे त्या माझ्यावरच बसल्या. पडद्यावर मी करकरले आणि लोक खो खो हसले. मग हसू ओसरलं. पडद्यावरची बाई मात्र अजून थांबलेलीच होती. सभागृहात कोणी खोकलंसुद्धा नाही. अंधारात मावशींचं बोट माझ्या हातावर होतं, ताल विसरून.

मित्रांनो, तुमच्याही घरात एखादी करकरणारी खुर्ची असेल. तिचा पाय जरूर घट्ट करा. पण त्याआधी, ती करकरली की एकदा मोकळेपणी हसा, आतल्या खोलीतून का होईना. तिच्यावर कोणीतरी थांबलेलं असतं.