डोरोथीच्या पणजोबांचं पान

अमेरिकेत, ईडन प्रेरी गावात गिरिजाकाकूंच्या शेजारी राहणारी डोरोथी आता थकली होती. तिथल्या यादवी युद्धात लढलेल्या पणजोबांच्या थडग्यावर दरवर्षी झेंडा लावणारी ती घराण्यातली शेवटचीच.

"माझ्यामागे कोण गं?"

"मी आहे की," काकू बोलून बसल्या. "सर्वपित्रीला आमच्या पितरांबरोबर त्यांनाही वाढीन. त्यांना काय आवडायचं?"

डोरोथी गडबडली. पलटण, लढाया, गमावलेला पाय, सगळं तिला पाठ होतं. हे मात्र कधी कुणी विचारलंच नव्हतं.

"आजी सांगायची, कडक बिस्किटं कॉफीत बुडवून खायचे."

काकूंना हायसं वाटलं. चिकन म्हणाली असती तर पंचाईत होती.

अमावस्येला थडग्यापाशी कॉफी आणि तसल्या बिस्किटांऐवजी कडक टोस्ट ठेवून दोघी लांब उभ्या राहिल्या. कावळा आला. त्यानं टोस्ट उचलला आणि आधी कपात बुडवला.

"आजी खरंच सांगायची," डोरोथी म्हणाली.